निमे, त्यांनी आईलाच विचारलं

निमे,

तुझ्यावर केस झालेली नाही, हे गेले काही दिवस मी येईल त्याला सांगतोय. भिसेगावात बातमी पोचली ती अशी: निर्मला तिकडे मेलबर्नला वारली आणि तिची बॉडी कोर्टाच्या ताब्यात आहे. आपल्याकडे मेलेला माणूस कोर्टात जातो तो दोनच कारणांनी. कुणी त्याला मारलेलं असतं, नाहीतर त्यानं मागे सातबारा ठेवलेला असतो. तू दोन्हींत बसत नाहीस, म्हणून लोक गोंधळलेत.

कुंभिवलीचा बबन, आपल्या आत्याचा, दुकान बंद ठेवून आला. हायवेवरचं ते टायरचं दुकान त्यानं स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही दुपारपर्यंत उघडं ठेवलं होतं, तेव्हा त्याचं दुःख खरं आहे याबद्दल मला शंका नाही. चपला काढता काढताच त्यानं विचारलं,

"दादा, केस कोनावर लागली?"

"कुणावर नाही."

"मंग कोर्ट कशाला?"

"ती कशानं गेली ते ठरवायला."

"आन् कोनी कायच केलं नसंल तर?"

"तर तसं लिहितात."

बबन जवळ सरकून हलक्या आवाजात म्हणाला, "तू वकील हायस, तुला मी काय सांगू. पन वळखीत एक जन हाय आपल्या, मंत्रालयात बसतो. त्याच्याकडनं तिकडं फोन टाकतो. बॉडी सोडवून घेऊ."

पोलीस ठाण्यात अडकलेली मोटारसायकल सोडवावी, तसं तुला सोडवायचं. मी त्याला हसलो नाही. धरणात बुडालेली, विहिरीत सापडलेली, शेतात पडलेली किती माणसं मी अशीच सोडवून दिली आहेत. आपल्याकडे नातेवाईक हात जोडून एवढंच मागतात, साहेब, चिरफाड नको, दिवस मावळायच्या आत द्या. पंचनाम्यावर दोन पंच सह्या करतात. ते सहसा जवळच उभे असलेले कुणीतरी असतात आणि त्यांनी काहीच पाहिलेलं नसतं.

बबन गेल्यावर आईनं आतून हाक मारली. आम्हाला वाटत होतं तिला झोप लागली आहे. तिनं सगळं ऐकलं होतं, म्हणजे तिला ऐकू येतं तेवढं, म्हणजे 'कोर्ट'.

"रमेश, तिनं काय केलं रं?"

"काही नाही केलं, आई."

"मंग तिला धरून का ठेवलीय?"

उलटतपासणीत मी कधी फारसा अडखळलेलो नाही. या प्रश्नाचं उत्तरही माझ्याकडे होतं, पण ते कायद्याचं होतं. तुझी वहिनी दूध घेऊन आली आणि मी सुटलो.

तुझं ते कोर्टाचं जग मला फोनवरून कळलं. तुझे विनायकराव गेले, मूलबाळ नव्हतं, आणि आम्हाला वाटलं तू आता परत येशील. आईनं तुझ्यासाठी मागची खोली रंगवूनही घेतली. तू आलीस, महिनाभर राहिलीस, त्या खोलीत लोणच्याच्या बरण्या ठेवल्यास आणि परत जाऊन दुभाष्याची परीक्षा दिलीस. मला तो रिकामपणाचा उद्योग वाटला. मी विचारलं होतं, "मेलबर्नला मराठी बोलणारे गुन्हेगार असे असणार किती?"

"गुन्हेगार कशाला, दादा? साक्षीदार असतो. घटस्फोट मागणारी असते. मुलाकडे राहायला आलेला आणि सिग्नल मोडून रस्त्यात पडलेला सासरा असतो. आणि हिंदीवाल्यांचंही मीच करते."

मग तुझे फोन सुरू झाले. सकाळी माझा चहा व्हायच्या आत तुझी दुपार झालेली असायची आणि तू कुठल्या तरी कोर्टाच्या पायरीवर डबा खात असायचीस. पहिल्या दिवशी तू सांगितलंस की तिथे आत जाताना आणि बाहेर पडताना सगळे वाकतात. न्यायाधीशापुढे नाही, त्याच्या डोक्यावर भिंतीवर राजचिन्ह असतं त्याच्यापुढे. मी विचारलं, राजचिन्हावर काय आहे? तू म्हणालीस, एका बाजूला कांगारू, दुसऱ्या बाजूला इमू.

"म्हणजे तुम्ही शिकलीसवरलेली माणसं रोज सकाळी कांगारूला नमस्कार करता."

"आणि तुम्ही कुणाला करता?"

"आम्ही शिपायाला. तारीख त्याच्या हातात असते."

तू इतकी हसलीस की फोन पडला. त्यानंतर कितीतरी दिवस तू 'आज कांगारूचं दर्शन घेतलं' असं म्हणून बोलायला सुरुवात करायचीस.

तिथलं सगळं मला उलटं वाटे. सहा राज्यं, प्रत्येकाची आपापली कोर्टं. खाली मॅजिस्ट्रेट, मध्ये कौंटी कोर्ट, वर त्या राज्याचं सुप्रीम कोर्ट. देशाची कोर्टं पुन्हा निराळी, नवरा-बायको-मुलांचं भांडण असेल तर त्यातलं एक. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर कॅनबेराला हायकोर्ट. सुप्रीम खाली आणि हाय वर! मी म्हणालो, पाय वर आणि डोकं खाली करून राहणाऱ्या देशात आणखी काय होणार. तू शांतपणे म्हणालीस, "वर-खाली कोण आहे ते नकाशा कुणी काढला त्यावर असतं, दादा." एवढं बोलून तू पोळीचा घास घेतलास, मला चावण्याचा आवाज आला. मी विषय बदलून वकिलांवर आलो. तिथे अशील भेटतो तो वकील वेगळा आणि कोर्टात उभा राहून बोलतो तो वेगळा, आणि या दुसऱ्याच्या डोक्यावर अजूनही कधीकधी घोड्याच्या केसांचा टोप असतो, हे कळल्यावर मी आठवडाभर आनंदात होतो. जगात कुठेही गेलं तरी थाटमाट आहे आणि तो सगळीकडे सारखाच उकडतो, याचं मला बरं वाटतं.

पण तुझ्या कामातल्या एका नियमावर आपलं खरं भांडण झालं. दुभाष्यानं 'मी' म्हणायचं. समोरचा म्हणाला, मी दार उघडलं, तर तू इंग्रजीत म्हणायचं, मी दार उघडलं. 'हे म्हणतात की यांनी दार उघडलं' असं नाही. आणि सगळं सांगायचं. शिवी असेल तर शिवी, रडत रडत तेच तीनदा म्हणाला तर तीनदा. पदरचं घालायचं नाही आणि अनावश्यक म्हणून गाळायचंही नाही. मी म्हटलं, हे नाटक झालं. तू म्हणालीस, नाटक तुझं, माझं नाही.

तुझ्या म्हणण्याचा अर्थ मला खालापूरला कळला. एका वर्षी तू दिवाळीला आली होतीस आणि हट्टानं माझ्याबरोबर खालापूर कोर्टात आलीस. एका फार्महाउसवाल्यानं कुंपण घातलं होतं, ठाकरवाडीची वाट बंद झाली होती, आणि माझ्या बाजूची साक्षीदार होती वाडीतली एक म्हातारी. तिला प्रश्न विचारला आणि ती बोलायला लागली. त्या वाटेनं तिचं लग्न कसं आलं, नवऱ्याला त्याच वाटेनं झोळीत घालून दवाखान्यात कसं नेलं, करवंदं कुठे लागतात, सासूनं कुठे बसून विडा खाल्ला, सगळं, तिच्या बोलीत, हात हलवत. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, "साहेब, साक्षीदाराचं म्हणणं, वाट पूर्वापार आहे." साहेबांनी टंकलेखकाला तेवढंच सांगितलं. म्हातारी थांबली, सगळ्यांकडे बघून हसली आणि खाली उतरली. तिला वाटलं तिचं झालं.

परत येताना चौक गाव ओलांडेपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतीस. मग म्हणालीस,

"तिनं एवढं सांगितलं आणि तू ते तीन शब्दांत मारलंस."

"मुद्द्याचे तीनच होते."

"ते तू ठरवलंस. तिचं म्हणणं तिला म्हणू दे ना."

"निमे, माझ्या बोर्डावर रोज किती प्रकरणं असतात तुला माहीत आहे? सगळ्यांना म्हणू दिलं तर कोर्ट दिवाळीपर्यंत चालेल."

"दिवाळी आत्ताच झाली," तू म्हणालीस. "चालू दे पुढच्या दिवाळीपर्यंत."

त्या दिवशी तू मला सांगितलंस की तुमच्याकडे गोऱ्यांनी दोनशे वर्षं धरून ठेवलेलं म्हणणं, की आम्ही आलो तेव्हा ही जमीन कुणाचीच नव्हती, ते खोटं असल्याचं अखेर तिथल्या हायकोर्टानं म्हटलं. आणि काही ठिकाणी तिथल्या मूळच्या लोकांसाठी वेगळं कोर्ट बसतं, त्यात त्यांची वडीलधारी माणसं न्यायाधीशाबरोबर एकाच टेबलाला बसून पोराला झाडतात. मी म्हटलं, निकाल लागला म्हणून जमीन मिळाली का सगळ्यांना? तू म्हणालीस, नाही. मी म्हटलं, मग? तू म्हणालीस, "मग काय? निदान त्यांना विचारलं तरी. तू त्या म्हातारीला विचारलंसच नाहीस, दादा, तू तिला हजर केलंस."

वाटेचा निकाल आपल्या बाजूनं लागला, हे मी तुला कळवलं होतं. तीन शब्दांत लागला, हेही कळवलं होतं. तू उत्तरादाखल फोनवर फक्त एका कांगारूचं चित्र पाठवलंस.

ज्युरीचं भांडण तर अर्धंच राहिलं. रस्त्यावरच्या बारा माणसांना मतदारयादीतून उचलून आणायचं, एखाद्याचं आयुष्य त्यांच्या हाती द्यायचं, यावर तुझा विश्वास होता आणि मला ते जत्रेसारखं वाटत होतं. मी म्हटलं, कर्जत स्टेशनाबाहेरून बारा माणसं धरून आणली तर निम्मी वडा खायला जातील. तू म्हणालीस, जातील आणि परत येतील, तीच तर गंमत आहे. आणि आत खोलीत काय बोलणं झालं ते मरेपर्यंत बाहेर सांगणार नाहीत. "कर्जतमध्ये?" मी म्हटलं. "संध्याकाळच्या आत भिसेगावात कळलं असतं, कोण काय म्हणालं आणि कुणी चहा पाजला."

"तुझा माणसांवर विश्वास नाही, दादा."

"माझा आहे. म्हणूनच मी त्यांना एकत्र बसवत नाही."

तू म्हणालीस, यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण आता आत बोलावलंय, नंतर सांगते. पुढच्या फोनवर आईच्या गुडघ्याचं निघालं, त्याच्या पुढच्या फोनवर माझ्या मोतीबिंदूचं. ते उत्तर काय होतं, निमे? मी अजून दोन्ही बाजू मांडून बघतो. तुझी बाजू मांडताना ती माझ्याच आवाजात निघते आणि हरते.

आणि कॉरोनर. हा शब्दही मला तूच दिलास, म्हणजे त्यातला अर्थ दिलास. शब्द मला ठाऊक होता, मुंबईत पूर्वी मृत्यूचं कारण ठरवणारा कॉरोनर असायचा, पुढे ते पदच काढून टाकलं. तुझ्याकडे समुद्रात बुडालेल्या एका विद्यार्थ्याचं प्रकरण आलं होतं. त्याचे आईवडील इकडे सोलापूरकडच्या गावात, पडद्यावर, आणि तू त्यांच्यासाठी बोलत होतीस. रात्री तुला जेवण गेलं नाही, असं तू म्हणालीस. मग म्हणालीस, "दादा, या कोर्टात पिंजराच नाही. फिर्यादी नाही, आरोपी नाही, शिक्षा नाही. एवढंच विचारतात, हा मुलगा कोण होता आणि कसा गेला."

"शिक्षाच नाही तर कोर्ट कशाला?" मी विचारलं होतं.

बबनचाच प्रश्न. माझा फक्त शुद्ध मराठीत होता.

तू म्हणाली होतीस, "त्याच्या आईनं मला विचारलं, त्यानं बूट काढले होते का? मी ते विचारलं आणि पोलिसानं उत्तर दिलं, हो, काढून नीट ठेवले होते. एवढ्यासाठी, दादा." तेव्हा मला ते पुरेसं कारण वाटलं नव्हतं.

तू गेलीस ती तुझ्या फ्लॅटमध्ये. स्वयंपाकघरात. शेजारच्या ग्रीक म्हातारीनं दोन दिवस तुझे पडदे उघडलेले पाहिले नाहीत आणि तिनं पोलिसांना बोलावलं. तुला मोठा आजार नव्हता, कारण लिहून देईल असा डॉक्टर नव्हता. कशानं गेली ते कळलं नाही की तिथला कायदा मृतदेह कॉरोनरकडे नेतो. एवढंच. हे मी आता कुणालाही एका श्वासात सांगू शकतो. आईला सोडून.

आता तू मोकळी झालीस; अहवाल यायचा आहे. परवा तिकडे तुझं दहनही झालं. तुझ्या त्या शेजारणीनं तुझ्यासाठी मेणबत्ती लावली म्हणे, आणि मला वाटतं तुझी त्याला हरकत नसती. अस्थी येतील तेव्हा आपण पळसदरीच्या बाजूला जाऊ, आईच्या माहेरच्या ओढ्यावर. पण मला लिहायचंय ते त्या एका फोनबद्दल. तो तुला सांगण्यासारखा होता. दिवसभर काही विशेष घडलं की अजून माझा हात सकाळच्या तुझ्या वेळेला फोनकडे जातो, आणि हा तर सगळ्यांत विशेष होता.

आधी कॉरोनरच्या कार्यालयातल्या एका बाईंचा फोन मला आला. सावकाश, नीट इंग्रजी. मी पहिल्या वाक्यातच सांगून टाकलं की मी वकील आहे. त्यांनी ते ऐकून घेतलं, जसं तू ऐकून घ्यायचीस. मग विचारलं, नवरा? नाही. मुलं? नाहीत. आईवडील? वडील नाहीत, आई आहे.

"मग आम्हाला तुमच्या आईशी बोलावं लागेल."

"ती म्हातारी आहे. तिला इंग्रजी येत नाही. तिच्या वतीनं मी बोलतो."

"आभारी आहे. पण कायद्यानं हा प्रश्न त्यांना विचारायचा आहे. आम्ही मराठी दुभाषी देऊ."

निमे, त्या शहरात मराठी दुभाषी शोधायला निघालं की पहिलं नाव कुणाचं असायचं, ते मला माहीत होतं. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

मी तयारी केली. मला तुला चिरू द्यायचं नव्हतं. कागदावर मुद्दे काढले: वय, धर्म, कुणावर संशय नाही, वरून तपासणी झालेली आहे. तिथे कुटुंबाला हरकत घेता येते, कॉरोनरनं ती मानली नाही तर त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टात जाता येतं, हेही शोधून ठेवलं. जे खाली आहे ते सुप्रीम. आईला फक्त सांगितलं, डॉक्टर तपासणार आहेत, त्यांना तू नको म्हण.

सकाळी फोन आला. मी स्पीकर लावून तो आईच्या उशीपाशी ठेवला. आधी दुभाषी बोलल्या. म्हणाल्या, "आजी, मी दुभाषी आहे. दोघींचं बोलणं जसंच्या तसं सांगेन, माझ्या मनाचं काही घालणार नाही. एक गोष्ट आधी सांगायला हवी. मी निर्मलाताईंना ओळखत होते. आम्ही बरोबर काम केलं आहे. तुमची हरकत असेल तर दुसरं माणूस बघता येईल." आणि हेच त्यांनी इंग्रजीत त्या बाईंनाही सांगितलं.

आई म्हणाली, "वळखत व्हतीस? मंग तूच बोल."

पलीकडून इंग्रजी आलं, आणि त्या मराठीत म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या जाण्याचं मला फार वाईट वाटतं."

"तुला बी वाटतच आसंल गं," आई म्हणाली. आणि दुभाषींनी तेही इंग्रजीत सांगितलं. असं पलीकडच्या बाईंना बहुधा कुणी म्हणत नसावं.

मग त्यांनी सांगितलं. मी जे लपवलं होतं ते सगळं, साध्या मराठीत. बाहेरून तपासलं, यंत्रातून आतली चित्रं घेतली, कारण कळत नाही. डॉक्टरांना शरीर उघडून पाहायचं आहे.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे.

"उघडून म्हंजी चिरून?"

"हो."

मी पुढे झालो. इंग्रजीत सुरुवात केली, माझ्या आईचं म्हणणं असं की... पलीकडून त्या बाई काही बोलल्या, आणि दुभाषींनी, नियमाप्रमाणे, ते आईलाही मराठीत सांगितलं: "साहेब, मला ते त्यांच्याकडून ऐकायचंय."

"तू गप रं जरा," आई मला म्हणाली.

तू तिथे असायला हवी होतीस. तुला किती आनंद झाला असता.

आईनं विचारलं, "मी नको म्हनलं तर?"

"तर कॉरोनर तुमचं म्हणणं ऐकतील, विचार करतील आणि मग ठरवतील. कदाचित मग ती कशानं गेली ते कधीच कळणार नाही."

"आन् चिरल्यावर कळंल का, तिला लई दुखलं का?"

इंग्रजी गेलं. इंग्रजी यायला वेळ लागला.

"ते आम्ही सांगू शकू असं मी तुम्हाला वचन देऊ शकत नाही."

"तिनं हाक मारली आसंल का कोनाला?"

"ते नाही कळणार, आजी." मग लगेच, "मी दुभाषी बोलते आहे, आजी हा शब्द माझा होता." आणि हेही त्यांनी इंग्रजीत कळवलं.

मी कागद आईसमोर धरला. तिला वाचता येत नाही, हे मी त्या घाईत विसरलो होतो. मी पुटपुटलो, "नको म्हण." तिनं माझा हात बाजूला केला.

"रमेश, ती एकटीच व्हती ना तितं?"

"हो."

"दोन दीस?"

"हो, आई."

ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. पलीकडे कुणी घाई केली नाही. आपल्या कोर्टात एवढ्या शांततेत तीन प्रकरणांना तारीख मिळाली असती. मग ती फोनला म्हणाली,

"बघा मंग. नीट बघा. जाताना कोनी नव्हतं माझ्या लेकीजवळ. कोनी बघितलीच नाय तिला. आता तरी कोनीतरी जवळ बसून नीट बघू दे."

दुभाषींनी ते इंग्रजीत सांगितलं. मी. माझी लेक. माझ्या लेकीजवळ कुणी नव्हतं. आईचं बोलणं मराठीत ऐकताना मी कसाबसा उभा होतो, इतक्या दिवसांत ते अंगावर येऊ न द्यायची मला सवय झाली होती. इंग्रजीत ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून 'मी' म्हणून आलं, एकही शब्द न गाळता, आणि मी खाली बसलो. नाटक म्हणालो होतो मी त्याला. तुझी सगळी वर्षं तू हे करत होतीस, निमे, परक्यांच्या आया आपल्या तोंडानं बोलत होतीस, आणि मग पायरीवर बसून डबा खात मला कांगारूच्या गोष्टी सांगत होतीस.

माझा कागद मी घडी करून खिशात घातला. आईनं तुझी बाजू घेतली होती. ज्युरीबद्दल तू काय उत्तर दिलं असतंस ते मला कळलं नाही, पण निकाल तुझ्या बाजूनं लागला.

शेवटी त्या बाईंनी विचारलं, तुमच्या मुलीबद्दल आम्हाला काही सांगायचं आहे का? मला वाटलं आई आता तुझं शिक्षण सांगेल, किंवा तुझं नाव नीट घ्या म्हणेल. ती उशीवरून थोडी उठली आणि फोनच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"तिकडं आता थंडी हाय म्हनं?"

"हो. इथे आता हिवाळा आहे."

"तिला थंडी सोसत नाय. ल्हानपनापासून. लई गार जागी ठेवू नका तिला."

तुला कुठे ठेवलं होतं ते मला माहीत होतं. त्या बाईंना माहीत होतं. दुभाषींना माहीत होतं. त्या पहिल्यांदाच थांबल्या. मग त्यांनी ते सांगितलं, जसंच्या तसं, पदरचं काही न घालता. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मला वाटलं, आता समजुतीचं काहीतरी येईल, कार्यपद्धतीचं एखादं वाक्य, आणि ते मलाच आईला उलगडून सांगावं लागेल. तसं काही आलं नाही. इंग्रजीत चार शब्द आले, आणि मग मराठीत:

"मी आत जाऊन सांगते त्यांना."

"हां," आई म्हणाली. "सांग गं बाय."